पंडिता रमाबाई : मुक्तीचा नित्यक्रम

वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे पंडिता रमाबाईंचा विषय मांडताना आमच्या मनात प्रथम न्यायमूर्ती रानडे यांचे नाव येते. १८७५ साली पुण्यात वसंतातील व्याख्यानांची ही प्रथा ज्यांनी सुरू केली त्यांत रानडे अग्रभागी होते. १८८२ साली पुण्यास आलेल्या तरुण विधवा रमाबाईंच्या पाठीशी रानडे उभे राहिले. आणि पुढे १८९३ साली त्याच रानड्यांनी रमाबाईंच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. दोन्ही वेळी रानडे प्रामाणिक होते, आणि आमच्या मते दोन्ही वेळी रमाबाईही प्रामाणिक होत्या. मग या अकरा वर्षांत घडले तरी काय? रमाबाई ख्रिस्ती झाल्या, एवढे उत्तर पुरे पडत नाही. शारदा सदनाला रानड्यांनी साह्य केले ते रमाबाई ख्रिस्ती झाल्यानंतरच. सनातन्यांचा रोष पत्करून त्यांनी हे साह्य केले होते. तेव्हा भांडणाचे मूळ धर्मांतरात नव्हते. ते याहून खोल आणि याहून अवघड अशा एका गोष्टीत होते. एखाद्या माणसाला आपल्या श्रद्धेत आत्म्याचे स्वातंत्र्य सापडले, तर ते त्याने रोजच्या दिवसात कसे जगावे? दार बंद करून की दार उघडे ठेवून? आजच्या व्याख्यानात आम्हांस या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

‘मुक्ती’ हा शब्द आपल्याला नवा नाही. आजीच्या तोंडून काशीयात्रेबरोबर तो आपण ऐकला आणि कीर्तनात बुवांच्या तोंडून ऐकला. परंतु बहुधा तो मरणानंतरच्या गोष्टींत मोडतो. जिवंतपणी मुक्त असलेले पुरुष आपल्या परंपरेत आहेत, तथापि त्यांना आपण अपवाद समजतो आणि लांबून नमस्कार करतो. रमाबाईंनी हाच शब्द उचलला आणि केडगावच्या माळावर, जेथे पोरी दळण दळत होत्या, विहिरी खणल्या जात होत्या आणि छापखान्यात खिळे जुळवले जात होते, तेथे पाटीवर लिहून टाकला : मुक्ती सदन. ख्रिस्ती धर्मविचारात या कल्पनेला मोठा आधार आहे. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने दिलेल्या स्वातंत्र्याचा विषय मांडला आणि लगेच बजावले, की हे स्वातंत्र्य स्वैराचारासाठी नाही, प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५२० साली याच विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचा आशय असा, की श्रद्धेने ख्रिस्ती मनुष्य कोणाचा दास नसतो, आणि प्रेमाने तो सर्वांचा दास असतो. पुस्तकात हे वाचणे सोपे आहे. ते रोज सकाळी उठून जगताना काय काय सोसावे लागते, हे पाहावयाचे तर रमाबाईंच्या चरित्रासारखे दुसरे चरित्र मराठी मुलुखात क्वचितच सापडेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, कडक आचाराचे आणि तितक्याच कडक स्वतंत्र बुद्धीचे. पेशव्यांच्या घरात एका स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी तरुणपणी पाहिले होते. आपल्याही पत्नीला संस्कृत शिकवावे, असे त्यांनी मनात घेतले. नातलगांचा विरोध झाला तेव्हा ते पत्नीला घेऊन रानात जाऊन राहिले. स्त्रीला विद्या देणे शास्त्राविरुद्ध नाही, हे त्यांना पंडितांपुढे सिद्ध करून दाखवावे लागले. पुढे रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आई लक्ष्मीबाईंनी, आणि भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला मुखोद्गत झाले. लोकरूढीपुढे न वाकण्याचा गुण रमाबाईंकडे मिशनऱ्यांकडून आला नाही, तो डोंगऱ्यांच्या झोपडीतून आला, हे आपण विसरू नये.

परंतु त्याच झोपडीत एक दुसरे बंधनही होते. यात्रा करीत, पुराणे सांगत, मिळेल ते दानधर्मात घालीत हे कुटुंब दक्षिणेत हिंडत राहिले, आणि दुष्काळाने त्यांना गाठले. अन्न मिळेना. मोलमजुरी करावी तर ते ब्राह्मणाच्या प्रतिष्ठेला शोभत नव्हते. देवतांची अनुष्ठाने केली, उपास केले, जवळचे होते नव्हते ते विकून दाने दिली. अखेर तिरुपतीजवळच्या रानात, उपासमारीने गळून गेलेल्या आणि दृष्टी गेलेल्या शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला, की आता ब्राह्मण्याचा अभिमान बाजूस ठेवून मी मजुरी करीन. पण तुम्ही जीव देऊ नका. समाधीचा बेत टळला, तरी वडील फार दिवस जगले नाहीत. मरणापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला कवेत घेऊन देवाच्या हाती सोपवले. पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. आम्हांस असे वाटते, की पुढे केडगावास प्रत्येक मुलीच्या हाताला काम दिलेच पाहिजे हा जो रमाबाईंचा हट्ट दिसतो, त्याचे बीज या रानात आहे. हातांना काम करण्याची मोकळीक नसली, तर अठरा हजार श्लोकही माणसाला भुकेपासून सोडवीत नाहीत, हे त्यांनी सोळाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांनी पाहिले होते.

भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडून १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंचे ज्ञान पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रियांना त्यांचे धर्म समजावून सांगण्यासाठी म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचावयास घेतले, आणि वाचता वाचता त्यांच्या ध्यानी आले, की इतर असंख्य बाबतींत एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ एका बाबतीत मात्र एकमताचे आहेत : स्त्रीला आणि शूद्राला स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही. ज्या मुलीला बापाने विद्या दिली तिला विद्येनेच हे सांगावे, यातील दुःख आपण लक्षात घ्यावे. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली कन्या मनोरमा झाली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई पदरी मूल असलेली विधवा झाल्या. त्या पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली, आणि १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडची वाट धरली.

इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम पडला. या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी एक गृह चालवले होते. ते रमाबाईंना दाखवण्यात आले. आपल्याकडे ज्या स्त्रीच्या सावलीलाही लोक भितात, तिची येथे इतक्या मायेने शुश्रूषा होत आहे हे पाहून त्या थक्क झाल्या आणि त्यांनी कारण विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील कथा वाचून दाखवली : विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, देवाची भक्ती या डोंगरावरही नाही आणि त्या नगरातही नाही, ती आत्म्याने व सत्याने करावयाची आहे, असे तिला सांगतो. जिला गावाने बाजूला टाकले होते तिलाच हे ज्ञान त्याने आधी दिले. रमाबाईंवर या कथेचा जो परिणाम झाला तो त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर गोरे, यांच्या लिखाणाने बुद्धीच्या शंका काही अंशी फिटल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक चरित्रकथा संपते असे पुष्कळांस वाटते. वास्तविक आपला विषय येथेच सुरू होतो.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांचा आणि रमाबाईंचा पत्रव्यवहार मोठ्या सायासाने जतन झाला, आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. ही पत्रे ज्याने वाचली त्याला कळून येते, की नव्या धर्मात पाऊल टाकताच रमाबाईंपुढे नवे गुरू उभे राहिले होते. प्रश्न मोठे होते तसे लहानही होते. त्रैक्याचा सिद्धांत शब्दशः मान्य आहे काय? चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानावयाची काय? हे मोठे प्रश्न. लहान प्रश्न ताटातले : रमाबाई मांस खात नव्हत्या, आणि अंडी घातलेले गोड पक्वान्नही नाकारीत होत्या. सिस्टरना यात ब्राह्मण्याचा उरलेला गर्व दिसला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंचे म्हणणे असे, की ती संस्कृत असावीत. माझ्या देशबांधवांना आणि खुद्द मला लॅटिन कळत नाही, मग संस्कृतापेक्षा लॅटिन अधिक पवित्र कशी? पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात मिस बील यांच्याकडे त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत असता, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांचा हवाला देऊन तिला विरोध झाला. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितसभेत भाषण केले होते, तिला आता ख्रिस्ती शिष्टाचाराच्या नावाने पुरुषांपासून दूर राहा असे सांगण्यात येत होते!

रमाबाईंचे उत्तर नम्र होते, पण ते डळमळीत नव्हते. त्याचा मथितार्थ असा, की एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मी मानेवरून उतरवले आहे. दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू घेण्यासाठी नव्हे. देवाने मला सदसद्विवेक दिला आहे आणि त्याचा जाब त्याला मीच देणार आहे. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. आम्ही त्यांना दोष देत नाही. त्या एका शिस्तीत वाढलेल्या होत्या, आणि त्यांच्या दृष्टीने आज्ञापालन हीच मुक्तीची पायरी होती. शिवाय रमाबाईंच्या मनात गर्व मुळीच नव्हता असेही म्हणवत नाही. त्यांनी स्वतःही तसा दावा केला नाही. तथापि ताटातल्या पदार्थाविषयीचा हा वाद क्षुल्लक नव्हता. श्रद्धा ख्रिस्ताची घ्यावयाची, परंतु तिच्याबरोबर इंग्रजांचे ताट, इंग्रजांची भाषा आणि इंग्रज बिशपाची मर्जी घ्यावयाची की नाही, हा प्रश्न त्यात होता. रमाबाईंनी आयुष्यभर शाकाहार पाळला आणि पांढऱ्या लुगड्यातच जग पाहिले. इकडे पुण्यामुंबईस त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली होती. त्या वेळी जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’ या पत्रिकेत त्यांची बाजू घेतली. म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवर त्यांना ‘आमचे ऐका’ असे सांगणारे पुष्कळ होते. ‘तुझे तू ठरव’ म्हणणारे थोडे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी १८८७ साली उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, आणि बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी दहा वर्षे द्रव्य पुरवण्याचे वचन देणारी संस्था स्थापन झाली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले; पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनाची अट स्पष्ट होती : येथे धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही; हिंदु मुलींना आपापले आचार पाळता येतील. गोदूबाई याच सदनात शिकल्या आणि ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. सदनात राहून हिंदु राहता येत होते याचा याहून चांगला पुरावा नको.

परंतु याच काळात रमाबाईंच्या अंतरंगात एक घटना घडली, आणि ती समजल्याखेरीज १८९३ चा वाद समजत नाही. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. मते होती, वाद जिंकण्याची शक्ती होती, कार्य होते. पण मनाला शांती नव्हती. रमाबाई पुढे आपल्या साक्षीत प्रांजळपणे सांगतात, की मला तोवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचून आणि बायबल पुन्हा पुन्हा चाळून, त्यांची खात्री पटली की देवाची कृपा काही मिळवून घ्यावयाची वस्तू नाही. ती आधीच दिलेली आहे. तिरुपतीच्या रानात उपास आणि दाने करून देव प्रसन्न होईना म्हणून त्यांचे वडील खचले होते. तीच धडपड वेष बदलून आपल्या ख्रिस्तीपणातही चालू होती, हे मुलीला आता उमगले असावे असे आम्हांस वाटते. ओझे उतरले. इंग्लंडात त्यांनी बाहेरच्या गुरूपासून स्वातंत्र्य मिळवले होते. आता आतल्या धाकापासून ते मिळाले.

आणि ज्याला असे काही मिळते त्याच्या राहणीत ते दिसू लागते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर पहाटे प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. कोणा मुलीला त्या बोलावीत नसत. परंतु आपल्या आईसारख्या बाई काय करतात हे पाहण्यास मुली येऊन बसू लागल्या. गावात कुजबुज झाली, ‘केसरी’त टीका झाली, पालक अस्वस्थ झाले. सल्लागारांचे म्हणणे असे, की मुली अल्पवयीन आणि आश्रित आहेत. ज्यांच्यावर त्यांचे सर्व अवलंबून आहे त्या बाईंच्या प्रार्थनेला येणे हे निवळ स्वेच्छेचे येणे नव्हे. यास धर्मशिक्षणच म्हणावे लागेल. रमाबाईंचे म्हणणे असे, की सदनातील हिंदु मुलगी आपल्या देवाची पूजा मोकळेपणी करते, तेव्हा मी माझी प्रार्थना चोरून का करावी? जे मला मिळाले ते कोणावर लादणार नाही. परंतु कोणी जवळ येऊन बसले तर त्याच्या तोंडावर दारही लावणार नाही. १८९३ च्या ऑगस्टात रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध सोडला, आणि पंचवीसच्या आसपास मुली काढून नेण्यात आल्या.

श्रोतेहो, या वादात आम्ही न्यायाधीश होऊ इच्छित नाही. सल्लागारांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. आश्रित माणसाची स्वेच्छा ही नाजूक वस्तू आहे; आजही अनाथगृह चालवणाऱ्या कोणाही धर्माच्या माणसाने तो आक्षेप उशाशी घेऊन निजावे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दार लावून घेतले असते तर रमाबाईंचे सदन वाचले असते, देणग्या वाचल्या असत्या, पुण्यातली मित्रमंडळी वाचली असती. एवढ्याशा दाराला एवढी किंमत होती. रोजचे स्वातंत्र्य म्हणतात ते असेच असते. रणांगणावर त्याची परीक्षा क्वचित होते, पहाटेच्या वेळी खोलीच्या कडीवर ती होते.

यानंतरचा भाग केडगावचा. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, मुलींचा व्यापार करणारे दलाल, हे सारे त्यांनी पाहिले, आणि त्यांना आपले स्वतःचे रान आठवले. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडकडे केडगाव येथे फळबागेसाठी आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर तंबू आणि छपरे उभी राहिली. त्याच १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात व छावणीत स्त्रियांची जी हेळसांड आणि विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात पत्र लिहिले. प्रश्न थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्ते आपल्या धर्माचे आहेत म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही. ज्या कोणास ख्रिस्ती होणे म्हणजे सरकारचे होणे असे वाटत होते, त्यांनी हे पत्र पाहावयास हवे होते.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाचे उद्घाटन झाले. आता पडदा नव्हता. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. अमेरिकेतील संस्थेने दिलेले दहा वर्षांचे वचनही संपले होते. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या तोंडांना रोज दोन वेळा घालावयाचे, आणि उद्याची ठरलेली मिळकत नाही! विश्वासाने जगणे हा शब्द सोपा आहे. कोठारातले धान्य मोजणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा. तेथील दिवस प्रार्थनेने उगवे आणि कामात बुडे. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग बसले, तेलाचा घाणा फिरू लागला, शिवण, गोठा, शाळा, छापखाना सुरू झाला. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम मनोरमेने उचलले. फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले ते गृह सोळा वर्षांनी भीमेच्या खोऱ्यात उभे राहिले. येथे ब्राह्मणाची विधवा आणि गावकुसाबाहेरची पोर एका पंगतीस बसत आणि एकाच विहिरीचे पाणी पीत.

या सर्वांस पुढे १९०५ सालच्या धर्मजागृतीची जोड मिळाली. मुली तासन् तास रडून, गाऊन, मोठमोठ्याने प्रार्थना करीत. परदेशी पाहुण्यांपैकी काहींना हा प्रकार अतिरेकी वाटला. रमाबाईंनी उत्तर दिले त्याचा भावार्थ असा, की आमच्या लोकांची भक्ती आमच्या रीतीने वर येते, तिला इंग्रजी शिस्तीचा साचा कशाला? वाँटेजला क्रुसावरच्या अक्षरांसाठी भांडणारी तरुणी येथे आपल्याला पुन्हा भेटते. आमच्या मनात मात्र याच ठिकाणी एक शंका राहते. दुष्काळातून आणलेल्या दहा वर्षांच्या पोरीला, जिचे आईबाप गेले, जिला परतावयास गाव नाही, तिला ख्रिस्ती न होण्याचे स्वातंत्र्य कितपत होते? १८९३ चा आक्षेप येथे दुप्पट जोराने उभा राहतो, आणि तो मिटला असे आम्ही म्हणणार नाही. एवढेच म्हणू, की त्या पोरीला त्या वेळी समाजाने देऊ केलेले दुसरे पर्याय भूक आणि दलाल हे होते. आणि आक्षेप घेणाऱ्यांपैकी फार थोडे तिच्यापर्यंत भाकरी घेऊन पोहोचले.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम घेतले. मराठी बायबल आधीपासून होते. परंतु त्याची भाषा संस्कृतप्रचुर, आणि मुक्तीतल्या खेडवळ बायांना ती उमजत नव्हती. म्हणून प्रौढ वयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण ग्रंथ साध्या बोलीत उतरवू लागल्या. एकट्या स्त्रीने सबंध बायबल भाषांतरित करावे, असे उदाहरण जगातही विरळाच. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या साऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. या ठिकाणी आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या बाईने गळ्यातल्या क्रुसावर संस्कृत अक्षरे मागितली, तिनेच आता ग्रंथातून संस्कृत शब्द वेचून काढावे! हा विरोध आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. इंग्लंडात संस्कृत हे तिच्या देशाच्या स्वाभिमानाचे चिन्ह होते. केडगावात तेच दळण दळणाऱ्या बाईच्या वाटेवरचा धोंडा ठरले. बापाने तिला दिलेले सर्वांत मोठे धन ते हेच. जन्मभर जपलेली ती विद्या दुसऱ्याच्या सोयीसाठी तिने बाजूस ठेवली. कोणाची दास नाही आणि सर्वांची दास, या जुन्या वचनाचा अर्थ येथे उलगडतो. या भाषांतराला साहित्यिक यश आले नाही, मंडळ्यांतही ते रूढ झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि त्याची योग्यता केवळ यशावरून ठरवणे बरोबर होणार नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. बाप्तिस्म्यापासून पहाटेच्या प्रार्थनेपर्यंत आणि आंधळ्यांच्या शाळेपर्यंत सर्वत्र बरोबर असलेली एकुलती एक लेक गेली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. मुद्रिते तपासावयाची राहिली होती. ती पुरी होण्यापुरते दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले, अशी आठवण मुक्तीत सांगत. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा अंत झाला. पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

याच काळात महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही हीच वाट दुसऱ्या बाजूने चोखाळली. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या भक्तांना एकत्र बसता यावे म्हणून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. १९१९ साली त्यांचे निधन झाल्याने तो अपुरा राहिला. रमाबाई आणि टिळक, दोघांचे मार्ग निराळे; परंतु मिळालेली श्रद्धा कोणाच्या पगारावर, कोणाच्या मर्जीवर किंवा कोणाच्या भीतीवर टांगून ठेवावयाची नाही, हा आग्रह एकच.

रमाबाईंचा धर्म प्रत्येकाने घ्यावा असे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही, आणि त्यांच्या प्रत्येक निर्णयाची तरफदारी करण्यासाठीही नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी देव्हारा आहे, कोणाकडे क्रूस असेल, कोणाकडे काहीच नसेल. परंतु दार लावावे की उघडे ठेवावे हा प्रश्न सर्वांनाच कधी ना कधी पडतो. आणि आपल्या उघड्या दारातून दुसऱ्याच्या मोकळेपणाला धक्का तर लागत नाही ना, हा त्याच्या जोडीचा प्रश्नही पडतो. रमाबाईंनी पहिला प्रश्न निर्भयपणे सोडवला. दुसरा त्यांनी पुरता सोडवला की नाही, यावर रानडे आणि त्या यांचे मतभेद झाले, आणि ते मतभेद आपण आज ऐकून घेऊ शकतो, हे या व्याख्यानमालेलाही शोभणारेच आहे. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. दौंडकडे जाताना गाडी केडगाव स्थानकावर थांबली, तर खिडकीतून त्या दिशेस एकदा पाहावे, एवढेच आपल्यापाशी मागणे आहे.